बोलीतून बोलीकडे

नागपुरात हिवाळ्यात आलेला पाहुणा संत्र्यांची पिशवी घेतल्याशिवाय परतत नाही. समजा पाहुणा फ्रेंच आहे आणि यजमानाने हौसेने त्याच्याच भाषेत सांगितलं, ‘ज तापोर्तरे देझोरांज’, मी तुझ्यासाठी संत्री घेऊन येईन. शब्द बरोबर, काळ बरोबर, उच्चारही बरा. तरी पाहुणा क्षणभर थबकेल. कारण फ्रान्समध्ये हे वाक्य मित्राला चेष्टेत ऐकवतात, तो काहीतरी बेकायदेशीर करायला निघालेला असतो तेव्हा. तू जाशील तुरुंगात, मी येईन भेटायला, येताना संत्री आणीन, असा त्याचा भाव. तुरुंगात किंवा दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना संत्री न्यायची तिथे जुनी रीत आहे.

संत्र्याचा दुसरा उल्लेख याहून कडवट आहे. १७५१ मध्ये व्होल्तेर प्रशियाच्या राजाच्या दरबारी होता. तिथून त्याने आपल्या भाचीला कळवलं, की राजा माझ्याबद्दल म्हणाला असं कानावर आलंय: आणखी फार तर वर्षभर याची गरज, संत्रं पिळलं की साल टाकून द्यायची असते. आजचा फ्रेंच माणूस या अर्थाने बहुधा लिंबाचं नाव घेतो, माणसाला लिंबासारखं पिळणं असं म्हणतो. आपल्याकडे फळ नाही, वैद्य आहे: गरज सरो, वैद्य मरो. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून आणलेल्या आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या फळाच्या शहरात फ्रेंच वाक्प्रचारांची ओळख संत्र्यापासून व्हावी, हे मला मनापासून योग्य वाटतं.

पुढच्या पानांत रोजच्या बोलण्यातले फ्रेंच वाक्प्रचार मराठीतून मांडले आहेत. मध्ये इंग्रजी घेतलेली नाही. ती का घेतली नाही, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

नागपूर आणि फ्रेंच यांचा धागा पॅरिसपर्यंत जात नाही, तो आल्प्सच्या पायथ्याच्या साव्हुआ प्रांतात जाऊन थांबतो. महादजी शिंद्यांची कवायती पलटण उभी करणारा बन्वा द ब्वान्य हा त्या प्रांतातल्या शांबेरी गावचा, जन्म १७५१ चा. हिंदुस्थानात मिळवलेली संपत्ती घेऊन तो गावी परतला आणि गावासाठी त्याने तिच्यातला मोठा वाटा दिला. गावाने १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ कारंजं बांधलं. त्यावर चार हत्ती आहेत आणि चौघांचाही फक्त पुढचा अर्धा भाग आहे. लोकांनी लगेच नाव ठेवलं, ‘ले कात्र सां क्यू’, म्हणजे बूड नसलेले चौघे. यातला ‘सां’ कानाला ‘विना’ असाही लागतो आणि ‘शंभर’ असाही, त्यामुळे ‘चार’च्या पुढे तो आला की ‘चारशे’ ऐकू येतं. शब्दावरची ही कोटी गावकऱ्यांची आहे, कुण्या पंडिताची नव्हे. नागपूरकराला ती समजावून सांगावी लागत नाही, ज्या शहरात मारबतीच्या मिरवणुकीत दर वर्षी बडग्यांवर अशीच नावं ठेवली जातात तिथे तर नाहीच.

त्याच १८३८ साली, त्याच साव्हुआतल्या आन्सी गावी, पिएर मेर्मिए या धर्मगुरूने संत फ्रान्सिस द साल यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाची माणसं १८४६ मध्ये विशाखापट्टणला उतरली आणि तिथून पुढे कामठीच्या छावणीपर्यंत, नागपुरापर्यंत आली. नागपुरातली सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची, नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ चा. साव्हुआ फ्रान्सला जोडला गेला तो १८६० मध्ये. म्हणजे कामठीला आलेले पहिले धर्मगुरू कागदोपत्री सार्डिनियाच्या राजाचे प्रजाजन होते, बोलत मात्र फ्रेंच होते.

या शाळेची एसएफएस ही अक्षरं नागपुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक आहेत. त्या नावामागचा माणूस भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ बोललं जात नाही. फ्रान्सिस द साल (१५६७ ते १६२२) हा जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांकडे गेल्यामुळे आन्सीला राहणारा. १६०९ मध्ये त्याने भक्तिमय जीवनावर जो ग्रंथ छापला तो लॅटिनमध्ये नव्हता. घरसंसारात असलेल्या बायामाणसांना समजावा म्हणून तो फ्रेंचमध्ये होता, मधमाश्या, पाखरं, फुलं यांचे दाखले देत लिहिलेला. पंडितांची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत अध्यात्म सांगणं म्हणजे काय, हे ज्ञानेश्वरांच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १९२३ मध्ये पोपनी त्याला लेखकांचा आणि पत्रकारांचा पालक संत ठरवलं.

अलीकडचा संबंध कामाचा आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम २०१२ पासून पंचवीस वर्षांच्या करारावर ज्या ऑरेंज सिटी वॉटरकडे गेलं तिच्यात व्हिओलिया ही फ्रेंच कंपनी भागीदार होती. मेट्रोसाठी फ्रेंच विकास संस्थेने तेरा कोटी युरोंचं कर्ज दिलं. मिहान औद्योगिक क्षेत्रात दासो ही फ्रेंच कंपनी आणि रिलायन्स यांच्या विमान कारखान्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली, आणि फाल्कन २००० हे विमान फ्रान्सबाहेर पहिल्यांदा इथे पूर्ण तयार होणार, असं जून २०२५ मध्ये जाहीर झालं. शिवाय कॅनडा आहे. २०२३ पासून तिथे कायमच्या वास्तव्यासाठी फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होऊ लागली, तेव्हापासून नोकरी करणारी तिशीतली माणसंही संध्याकाळी फ्रेंचची वही उघडून बसतात.

या सगळ्यांच्या वहीत एक गोष्ट सारखी दिसते. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. मराठी कुठेच नाही. अकरावी-बारावीला गुण चांगले पडतात म्हणून फ्रेंच घेतलेल्या मुलांचीही तीच गत. याने होणारं नुकसान मोठं आहे, आणि ते उच्चारापासून सुरू होतं.

फ्रेंचमधला ‘त’ दाताला जीभ लावून म्हणायचा असतो, अगदी आपला ‘त’. ‘द’ही आपलाच. इंग्रजीच्या वाटेने गेलेलं मराठी पोर मात्र ‘टेट’, ‘मॅडम’ असं म्हणत राहतं आणि मग महिनोन्महिने सुधारत बसतं. पावाला ‘पँ’ म्हणताना इंग्रजाच्या तोंडून प बरोबर हवा निघते. प आणि फ वेगळे राखणाऱ्या आपल्या तोंडाला ती काढावीच लागत नाही. घशातला र मेहनतीने बसवावा लागतो, ‘ऊ’ आणि ‘ई’च्या मधला स्वरही, ते खरं आहे. लिंगाचं कोडं इंग्रज विद्यार्थ्याला छळतं, खुर्ची ‘ती’ का म्हणून? मराठी मुलाला ती ‘ती’च असते. आपल्याला तीन लिंगं सांभाळायची सवय, फ्रेंचमध्ये दोनच. शब्दाच्या शेवटचं मुकं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं तो प्रकार संधी म्हटला की शाळेतल्या मुलालाही कळतो.

आणि ‘त्यु’-‘व्हू’. एखाद्याला ‘तू’ म्हणून बोलणं आणि ‘तुम्ही’ म्हणून बोलणं यासाठी फ्रेंचमध्ये दोन स्वतंत्र क्रियापदं आहेत, ‘त्युत्वाये’ आणि ‘व्हूव्हाये’. इंग्रजीत ती समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत ती तयार आहेत: अरे-तुरे करणे, अहो-जाहो करणे. ‘आपण अरे-तुरे करायचं का?’ हा प्रश्न फ्रान्समध्ये खरोखर विचारला जातो, आणि तो कधी विचारावा, कुणी आधी विचारावा, याची जाण सासरी-माहेरी, कार्यालयात, शेजारात वेगवेगळं बोलणाऱ्या आपल्या माणसाला आतूनच असते.

ऐंशीला फ्रेंच माणूस ‘कात्र-व्हँ’ म्हणतो, चार वीस. वर्गात हे आलं की मुलं हसतात. त्यांच्या आजीला विचारलं तर ती सांगेल, आमच्याकडे चार विसाच म्हणत.

आता वाक्प्रचार. सगळ्यात आधी ‘सा मार्श’. ‘मार्शे’ म्हणजे पायी चालणे. यंत्र चालणे यालाही तेच. आणि एखादी गोष्ट मान्य आहे, जमेल, हे सांगायलाही तेच. उद्या सहाला भेटू? सा मार्श. मराठीत? चालेल. पाय, यंत्र आणि होकार, तिन्ही अर्थ एकाच क्रियापदात, दोन्हीकडे. इंग्रजीतून हे शिकणाऱ्याला तीन वेगळ्या नोंदी पाठ कराव्या लागतात. मराठीतून शिकणाऱ्याला एकदा ऐकलं की पुरे. असंच ‘नँपोर्त क्वा’, कुणी वाटेल ते बोलला की उद्गारायचं: काहीही! ‘लेस तोंबे’, खाली पडू दे: जाऊ दे, नागपुरात, जाऊ दे नं बे. ‘सा य ए’, काम संपलं की सुटकेच्या सुरात: झालं! फ्रेंच माणूस दिवसभर जे बोलतो त्यातला केवढा तरी भाग अशा तीनचार अक्षरी तुकड्यांचा असतो, आणि त्यांची मराठी जोडी शब्दकोशात मिळत नाही, घरातल्या बोलण्यात मिळते.

लांब वाक्प्रचारांत तर फार गमती आहेत. ‘ले म्यूर ओं देझोरेय’, भिंतींना कान असतात, जसंच्या तसं. कुणाच्या तोंडचा घास काढून घेणे हे फ्रेंचमध्ये तोंडचा पाव काढून घेणे होतं. पण मनात शंका आली की फ्रेंच माणसाच्या कानात पिसू शिरते, आपल्या मनात पाल चुकचुकते. पिसू चावते आणि माणूस बेचैन होतो, पाल नुसती बोलते आणि माणूस सावध होतो. प्रसंग मात्र एकच. एखादी वस्तू महाग पडली की त्यांचे डोक्यातले डोळे द्यावे लागतात, आपले डोळे पांढरे होतात. सरळ काम उगाच वाकडं करून करणाऱ्याला ते म्हणतात, हा दुपारचे बारा चौदा वाजता शोधतोय. आपण म्हणतो, द्राविडी प्राणायाम. ते पांघरूण आपल्याकडे ओढतात, आपण आपल्या पोळीवर तूप ओढतो.

पावाचा विषय थोडा लांबवतो, कारण तो समजला की फ्रेंच घर समजतं. स्वस्तात मिळालेली वस्तू ‘पावाच्या एका घासाच्या मोलाने’ मिळते. कंटाळवाणा माणूस किंवा भाषण ‘पावाविना गेलेल्या दिवसासारखं’ लांब असतं. करून पाहायला काही खर्च नाही असं सुचवताना ते म्हणतात, ते पाव खात नाही. आणि ‘फळीवर पाव असणे’ याचा अर्थ चक्क उलटा झाला आहे. पूर्वी त्याचा अर्थ होता शिलकीत आहे, आता काळजी नाही. गेल्या शंभरसव्वाशे वर्षांत तो बदलून ‘समोर कामाचा ढीग पडलाय’ असा झाला. वाक्प्रचार कधीकाळी तयार होऊन गोठलेले नसतात, लोक वापरता वापरता त्यांचा रोख फिरवतात, आणि म्हणून जुन्या पुस्तकातून उचललेला वाक्प्रचार वापरण्याआधी आज तो कोण, कशासाठी म्हणतो ते विचारावं.

पाव टेबलावर उलटा ठेवणं फ्रान्समध्ये अशुभ मानतात. फाशी देणाऱ्या जल्लादासाठी राखलेला पाव भटारी उलटा ठेवी, अशी त्यामागे कथा सांगतात. आता आपल्या वर्तमानपत्रात येणारं ‘भाकरी फिरवण्याची वेळ आली’ हे अशा घरातल्या माणसाला कसं वाटेल याचा विचार करा. आपल्याला न फिरवलेली भाकरी करपण्याची भीती, त्याला फिरवलेल्या पावाची. परकी भाषा शिकणाऱ्याने आपल्या भाषेतल्या भाकरीकडेही नव्याने पाहावं, असं मी वर्गात सांगत असतो, ते यासाठीच.

छत्तीसचा आकडाही असाच. फ्रेंचमध्ये छत्तीस म्हणजे पुष्कळ. डोक्याला मार लागला की छत्तीस मेणबत्त्या दिसतात, तिथे आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. महिन्याच्या छत्तीस तारखेला घडणारी गोष्ट म्हणजे क्वचित, किंवा कधीच नाही. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, कारण देवनागरीतले तीन आणि सहा पाठीला पाठ लावून उभे. आणि त्याच मराठीत छत्तीस गुण जुळले की पत्रिका उत्तम. यातलं काहीच इंग्रजीमार्गे सांगता येत नाही.

हा थेट रस्ता दोन फ्रेंच माणसांनी उलट्या बाजूने चालून दाखवला आहे. गी दलरी यांनी तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद केला, तो १९५६ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. वारीच्या वाटेवरची मराठी त्यांनी कानांनी घेतली होती. गी प्वात्व्हँ पुण्यात राहिले, २००४ मध्ये गेले. हेमा राईरकरांच्या बरोबरीने त्यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. या दोघांनी मराठी घेतली ती वारकऱ्यांच्या आणि दळणाऱ्या बायांच्या तोंडून, म्हणून ती त्यांना खोलवर कळली.

फ्रान्समध्ये त्यांच्या स्वतःच्या बोलीसाठी हे काम क्लोद द्यूनतोंने केलं. कोरेझच्या खेड्यात वाढलेला, घरी ऑक्सितान बोलणारा हा लेखक. १९७८ मध्ये त्याने वाक्प्रचारांच्या उगमावर पुस्तक काढलं आणि नाव ठेवलं ‘कानातली पिसू’. आपल्याकडे त्याआधीच, १९४० च्या दशकात, य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत निघाला होता. फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो शेजारी ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

नागपूरच्या विद्यार्थ्याकडे आणखी एक भांडवल आहे, आणि त्याला ते बहुतेक वेळा लाज वाटण्याजोगं वाटतं. तो दोन मराठी जगतो. शाळेत ‘मला माहीत नाही’, चौकात ‘मले नाई मालूम’. वहीत ‘तू काय करतो आहेस’, दारात ‘काय करून राह्यला बे’. पुस्तकी फ्रेंच आणि बोलली जाणारी फ्रेंच यांत नेमकं एवढंच अंतर आहे. पुस्तकात ‘ज न से पा’, रस्त्यावर ‘शे पा’. नकारातला ‘न’ बोलताना गळतो, ‘आम्ही’साठीचं ‘नू’ मागे पडून ‘ओं’ येतं, ‘इल य आ’चं नुसतं ‘या’ होतं. पुस्तकी फ्रेंच घेऊन पॅरिसला उतरलेला विद्यार्थी पहिले काही दिवस गोंधळतो, ही भाषा आपण शिकलोच नाही असं त्याला वाटतं. ज्याने घरची वऱ्हाडी-नागपुरी टाकून दिलेली नाही त्याला मात्र कुठे काय गळतं, कुणासमोर काय चालतं, कुठे ‘बे’ म्हणायचं आणि कुठे जीभ आवरायची, याचा अंदाज आधीपासून असतो. घरची बोली अशुद्ध म्हणून मुलांच्या तोंडून काढून टाकणाऱ्यांनी त्यांचं केवढं नुकसान केलं, हे मला फ्रेंच शिकवताना जितकं कळलं तितकं मराठीच्या चर्चेत कधी कळलं नव्हतं.

शिकायचं कसं, तर याद्या पाठ करून नाही. एखादा वाक्प्रचार भेटला की तीन गोष्टी विचाराव्यात: कोण कुणाला म्हणालं, कोणत्या सुरात, आणि त्याच जागी आपल्या घरात काय म्हटलं असतं. तिसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत तो वहीत उतरवू नये. ऐकणं रोज हवं. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या दहा मिनिटांच्या असतात, स्वयंपाक करताना ऐकून होतात. पहिल्यांदा अर्थ लागला नाही तरी कान वाक्याचा चढउतार धरतो. आणि मोह आवरावा. चित्रपटातला फ्रेंच माणूस उठसूट ‘साक्रब्ल’ म्हणतो, खरा म्हणत नाही. परक्या तोंडात नुसते वाक्प्रचार भरले की बोलणं नाटकी होतं. संभाषणात एक नेमका बसला तर समोरचा खुलतो, पाच आले की तो सावध होतो.

कॅनडाला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. क्वेबेकची फ्रेंच पॅरिसची नव्हे. आभार मानल्यावर तिथे ‘बियँव्हन्यू’ म्हणतात. पॅरिसमध्ये त्याचा अर्थ फक्त ‘सुस्वागतम्’. मोटारीला तिथे ‘शार’, कडाक्याच्या थंडीला ‘फ्रेत’. तिथे आणि इथे कोणती शुद्ध, हा वाद पुण्या-नागपुराच्या मराठीइतकाच जुना आणि तितकाच निरर्थक आहे. अशा नोंदींपुढे या संग्रहात ‘क्वे.’ ही खूण आहे.

मांडणी अक्षरानुक्रमे नाही, प्रसंगांनुसार आहे: जेवण, पैसा, दुखणं-खुपणं, हवा, काम, राग, निरोप. प्रत्येक नोंदीत आधी फ्रेंच उच्चार देवनागरीत, मग शब्दशः अर्थ, मग प्रमाण मराठीतली जोडी आणि शक्य तिथे नागपुरी. जिथे मराठीत जोडी नाही तिथे जागा कोरी सोडली आहे. ‘बों कुराज’ ही त्यातली एक: कठीण काम पुढे असलेल्या माणसाला, अगदी कामावर निघालेल्या शेजाऱ्यालाही, फ्रेंच माणूस सहज म्हणतो, धीर असू दे. आपल्याकडे अशा वेळी कुणी काय म्हणतं, हे वाचकांना आपल्या गावच्या बोलीतून सुचलं तर त्यांनी ते त्या कोऱ्या जागेत लिहावं, म्हणूनच तिथे दोन ओळींची मोकळीक ठेवली आहे.